प्रौढांना शिकवता, समुपदेशन करता? मंग स्वतःचा परिचय असा लिहा

सप्टेंबर जवळ आला की आपल्या लाईनमधल्या लोकांच्या फोनवर एकच मेसेज फिरून राहतो, "मॅडम, तुमचा परिचय पाठवा नं, दोन मिनिटांचाच पाहिजे". ८ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, मधात कुठं बचत गटाचा मेळावा, कुठं कॉलेजचं शिबिर. आणि आपण काय करतो, नोकरीसाठी कधीकाळी बनवलेला बायोडाटा शोधतो आणि तोच फॉरवर्ड करतो. जन्मतारीख, वडिलांचं नाव, एम.ए., एमएस-सीआयटी, छंद वाचन. सूत्रसंचालक तो वाचतो, वरून स्वतःकडचे चार विशेषणं चिपकवतो, "ज्ञानाचा अखंड झरा" वगैरे, आणि समोर बसलेल्या बाया पदराने वारा घेत चहा कधी येतो ते पाहत राहतात.

या लेखात तो परिचय कसा लिहायचा ते सांगतो. घरची पार्श्वभूमी किती सांगायची, करिअर कसं मांडायचं, छंदात काय लिहायचं, आणि काय अजिबात लिहायचं नाही. मी नागपूर डोक्यात ठेवून लिहून राहिलो, बाहेरगावच्यांनी आपापल्या हिशोबाने बदल करून घ्या.

सगळ्यात आधी हे ठरवा की वाचणार कोण. इंजिनिअरचा परिचय कंपनी वाचते, आपला परिचय ज्यांच्यासाठी असतो त्यातले अर्धे लोक तो वाचतच नाहीत, ऐकतात. पांढराबोडीतली एखादी बाई असते, धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी वर्गाला यायचं का नाही ते ठरवत असते, तिला तो मेसेज तिची नववीतली पोरगी वाचून दाखवते. दुसरा एखादा माणूस असतो, नोकरी गेली, झोप येत नाही, रात्री दीड वाजता कोणीतरी पाठवलेला तुमचा परिचय उघडून बसला आहे. दोघांच्याही डोक्यात एकच प्रश्न असतो, या माणसासमोर बसून आपण आपलं सांगू शकतो का, का हाही आपल्याला वेड्यात काढेल. तुमची एकेक ओळ या प्रश्नापाशी धरून पाहा, जिचा काही उपयोग नाही ती काढून टाका. जिल्हास्तरीय पुरस्कार बहुतेक वेळा इथंच गळतो, गळू द्या.

आता घरची पार्श्वभूमी. लोक इथं दोन टोकं गाठतात, एक तर "सुसंस्कृत कुटुंबात जन्म" एवढं लिहून मोकळे होतात नाहीतर अख्खी दुःखाची पोथी उघडतात. मला विचाराल तर घरात काम काय होतं आणि शिक्षण घरात कसं शिरलं, या दोन गोष्टी पुरतात. आपल्या नागपुरात तर एका ओळीत इतिहास येतो. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते म्हटलं की जुन्या माणसाला लगेच कळतं, १८७७ ला सुरू झालेली टाटांची गिरणी, पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यात खपले आणि गिरणी बंद पडल्यावर घरंच्या घरं बसली. कोणाच्या घरी माग होता, कोणाचे बाबा रेल्वेत होते आणि अजनीच्या क्वार्टरमध्ये बालपण गेलं, कोणाचे कोळशाच्या खाणीत, कोणाची माय कामठीत विड्या वळायची. हे लिहा. कारण समोरचाही अशाच कोणत्यातरी घरातून आलेला असतो, आणि तुम्ही भाषण न देताच त्याला कळतं की याला महिनाअखेर म्हणजे काय ते माहीत आहे.

ज्यांच्या घरात शाळेची गोष्ट १९५६ नंतर सुरू झाली, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आजी-आजोबा होते आणि त्यानंतर घरातलं पहिलं पोर शाळेत गेलं, त्यांनी ते बिनधास्त लिहावं. कधीकधी कोणी सल्ला देते की राहू द्या, लोक जात पाहतात. अहो, आपल्याकडे लोक आडनावावरून तसंही पाहतातच, "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळते. पण ज्याला ते सांगायचं नाही त्यानं सांगू नये, त्याच्यावरही जबरदस्ती नाही. सांगायचं तर शिक्षणाच्या धाग्याने सांगा, नुसतं बिल्ला म्हणून नको.

भाषा हा मुद्दा लोक हमखास विसरतात. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथं मराठी घरातला माणूसही भाजीवाल्याशी हिंदीत बोलते आणि रागावला की तर हमखास हिंदीतच. शिवाय छत्तीसगढी बोलणारे मजूर आहेत, गोंडी बोलणारी घरं आहेत, सिंधी आहेत, तेलुगू आहेत. समुपदेशनात माणूस आपल्या घरच्या भाषेतच रडतो हो. म्हणून तुम्हाला कोणकोणत्या भाषेत नीट ऐकता येतं ते घरच्या पार्श्वभूमीतच लिहून टाका, "आईकडची माणसं रायपूरकडची, छत्तीसगढी समजते, बोलताना अडखळते" इतकं प्रामाणिक असलं तरी चालते. डिग्रीपेक्षा जास्त फोन या ओळीमुळे येतील.

एक पथ्य मात्र पाळा. घरच्या माणसाबद्दल काही लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. बाबांची दारू, बहिणीचा घटस्फोट, भावाचं आजारपण, या गोष्टी तुमच्या आयुष्यात घडल्या म्हणून तुमच्या एकट्याच्या होत नाहीत. "माझ्या घरातच व्यसन होतं म्हणून मी या कामात आले" हे वाक्य स्टेजवर वाचलं जाते आणि पहिल्या रांगेत तुमची आई बसली असते, तिचा चेहरा कसा होईल त्याचा विचार करा. दुसरी गोष्ट, समुपदेशकाने स्वतःचं दुःख फार सांगितलं की येणारा माणूस दबतो. त्याला वाटते, यांचंच एवढं आहे तर माझं काय सांगू. एखादी ओळ ठीक आहे, तीही अशी की त्यातून तुम्ही आता सावरलेले दिसता.

करिअरवर येऊ, इथं जास्त वेळ द्या कारण गोंधळ इथंच जास्त असतो.

प्रौढ शिक्षणात आपल्या देशात योजनांची नावं बदलत राहिली आणि लोक परिचयात ती एकमेकांत मिसळून टाकतात. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झाला. राष्ट्रीय साक्षरता मिशन ५ मे १९८८ ला आलं, नव्वदच्या दशकातलं संपूर्ण साक्षरता अभियान त्याच्यातलंच, गावोगाव कलापथकं फिरायची ते. साक्षर भारत ८ सप्टेंबर २००९ ला आलं आणि मार्च २०१८ पर्यंत चाललं, त्यात ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात प्रेरक असायचे, महिन्याला २००० रुपये मानधन. आणि आता जे सुरू आहे ते उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ साठीचं, १५ वर्षांवरच्या लोकांसाठी, स्वयंसेवकांच्या भरवशावर. तर तुम्ही उल्लासमध्ये शिकवत असाल तर "स्वयंसेवक" असंच लिहा, "प्रकल्प अधिकारी" लिहून काही मिळत नाही, उलट ज्याला माहीत आहे तो गालातल्या गालात हसते. आणि ज्यांनी नव्वदच्या दशकात कंदिलाच्या उजेडात वर्ग घेतले त्यांनी "विविध शासकीय उपक्रमांत सहभाग" असं मुळमुळीत काऊन लिहावं? वर्ष लिहा, तालुका लिहा, वर्ग कुठं भरायचा ते लिहा, समाजमंदिरात का कोणाच्या ओसरीवर.

काम काय करता ते त्या बाईला कळेल असं लिहायचं. "कार्यात्मक साक्षरता व जीवनकौशल्य प्रशिक्षण" हे प्रस्तावात ठीक आहे, फंड देणाऱ्याला तेच आवडते. परिचयात लिहा की बँकेची पैसे काढायची स्लिप भरायला शिकवते, बसचा बोर्ड वाचायला, फोनमध्ये नाव सेव्ह करायला, औषधाच्या पाकिटावरची तारीख पाहायला, ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे ओळखायला. वर्गात येणाऱ्या बायका यासाठीच येतात, "सुशिक्षित समाजाच्या निर्मितीसाठी" कोणी संध्याकाळी सात वाजता भाजी टाकायची सोडून येत नाही.

आकडे लिहायचे असतील तर रजिस्टर समोर ठेवून लिहा. "हजारो निरक्षरांना साक्षर केले" हे मी कितीतरी परिचयांत वाचलं आणि एकावरही माझा विश्वास बसला नाही. उल्लासची परीक्षा १५० गुणांची असते, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. तुमच्या वर्गातले किती जण परीक्षेला बसले, किती पास झाले, एवढं खरं असेल तर पुरे, मग तो आकडा ११ का असेना. छोटा आकडा खरा वाटतो.

शिक्षण लिहिताना प्रमाणपत्रावर जे छापलं आहे तेच लिहा. आपलं विद्यापीठ १९२३ चं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव त्याला २००५ मध्ये मिळालं, त्याआधी पास झालेल्यांच्या कागदावर नुसतं नागपूर विद्यापीठ आहे, काही बिघडत नाही. आणि तुम्ही मुक्त विद्यापीठातून शिकले असाल, इग्नू असो का नाशिकचं यशवंतराव चव्हाण, तर ते लपवू नका, उलट सगळ्यात वर आणा. बरेच लोक ते खाली कुठंतरी बारीक अक्षरात टाकतात, जणू मागच्या दाराने पास झाले. अरे बाप्पा, तुमच्यासमोर बेचाळीस वर्षांची बाई बसणार आहे जिला दहावीचा फॉर्म भरायची भीती वाटते, तिला "लेकरू कडेवर घेऊन बी.ए. केलं" याच्याइतकं दुसरं कोणतं प्रमाणपत्र पटेल?

आता समुपदेशनाचा भाग, इथं जरा कडक बोलतो. पदवी नाही ते नाव लावायचं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्याचा कायदा १९९२ चा आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलं म्हणजे आपोआप क्लिनिकल होत नाही. तीन दिवसांची कार्यशाळा करून "सायकोथेरपिस्ट" लिहिणारे तर आता गल्लोगल्ली दिसून राहिले, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. २०२१ मध्ये आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला त्यात समुपदेशनाच्या जवळचे व्यवसायही घेतले आहेत, तर आतापासूनच कागद नीट ठेवलेले बरे. तुम्ही एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, केलं असेल तर तसं लिहा, इग्नूचा समुपदेशन आणि कुटुंब उपचाराचा डिप्लोमा असेल तर तो लिहा, कोणाच्या देखरेखीखाली किती वर्षं काम केलं ते लिहा. आणि एक ओळ न विसरता टाका की मी औषधं देत नाही, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. या ओळीने तुमची किंमत कमी होत नाही, लोकांची भीती कमी होते, कारण आपल्याकडे अजूनही समुपदेशन म्हटलं की लोकांना थेट मानकापूरकडचं मनोरुग्णालय आठवते. परिचयाच्या खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या, चोवीस तास चालतो, फुकट आहे, रात्री दीड वाजता तुम्ही फोन उचलणार नसाल तेव्हा तो कामी येईल.

लोकांच्या गोष्टी परिचयात घालायच्या नाहीत. "नाव बदललं आहे" लिहिलं की झालं असं वाटते, पण नागपूर कितीही वाढलं तरी वस्ती ती वस्तीच. "गोळीबार चौकातली तीन मुलींची आई, नवरा ऑटो चालवतो, सासूशी पटत नव्हतं" एवढं वाचल्यावर चौकातल्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत नाव निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या थँक्यूचे स्क्रीनशॉटही नको, नंबर झाकला तरी नको. कौटुंबिक न्यायालयात काम केलं असेल तर किती वर्षं केलं तेवढं लिहा, तिथल्या भांडणांचा एक शब्दही नको.

छंद. इथं बहुतेक जण थकलेले असतात आणि "वाचन, संगीत, प्रवास" लिहून पेन ठेवून देतात. मला तर हा भाग सगळ्यात कामाचा वाटतो, कारण अनोळखी माणूस पहिली पाच मिनिटं आपल्या दुःखाबद्दल बोलत नाही, उन्हाबद्दल बोलतो, भाजीच्या भावाबद्दल बोलतो, आणि तुमच्या छंदाबद्दल बोलतो. म्हणून छंद असा लिहा की समोरच्याला त्यावर काहीतरी बोलता येईल. वाचन म्हणजे काय वाचता? पेपरातलं शब्दकोडं सोडवत असाल तर तेच लिहा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा पहाटे पाचला अंबाझरीला चक्कर मारता, लिहा. हिवाळ्यात गोरेवाड्याला पक्षी पाहायला जाता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला इतवारीत गर्दीत घुसता, दिवाळीनंतर झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावांतलं, नाटक पाहायला वडसाकडे रात्रभराची चक्कर मारता, सावजी रस्सा असा करता की पाहुण्यांच्या डोळ्यातून पाणी येते, लिहा बिनधास्त. झाडीपट्टीचं नाव काढलं की भंडारा-गडचिरोलीकडून कामाला आलेल्या माणसाचा चेहरा खुलतो आणि तो स्वतःच सांगायला लागतो की आमच्या गावात कोणती मंडळी आली होती.

युरोपची टूर वगळा. वाईट काही नाही त्यात, पण ऐकणारीच्या आणि तुमच्या मधात उगाच भिंत उभी राहते. राजकारण आणि उपासना या दोन गोष्टींचं तुम्हीच ठरवा, मी स्वतः परिचयात टाकत नाही, कारण माझ्याकडे सगळेच येतात आणि दारातच कोणी परत फिरू नये असं वाटते.

आता एक नमुना देतो, ही ताई खरी नाही, चार जणींचं मिळून बनवली आहे.

"नमस्कार. मी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवते आणि घरच्या ताणाबद्दल ज्यांना बोलायचं असते त्यांच्याशी समुपदेशक म्हणून बोलते. आमचं घर उमरेडकडचं. आजोबा शेतमजूर, बाबा कोळशाच्या खाणीत. आई सही शिकली तेव्हा मी आठवीत होते, तिची पहिली पाटी मीच लिहून दिली. बारावीनंतर लग्न झालं, बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं तेव्हा मुलगा पहिलीत होता, नंतर एम.एस.डब्ल्यू. केलं. दिघोरीत संध्याकाळी वर्ग घेते, उल्लासची स्वयंसेवक आहे. मराठी, हिंदी बोलते, छत्तीसगढी समजते. मी औषध देत नाही, लागलं तर डॉक्टरांकडे सोबत येते. जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील, फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर मदत बोलवावी लागते. टेरेसवर कुंड्यांत सांबार (कोथिंबीर), मिरची, वांगी लावते, रोपं मागितली तर देते. मला ताई म्हणा, मॅडम म्हटलं तरी चालते."

पाहा, यात पुरस्कार एकही नाही. "जिवाला धोका असेल तर" ही ओळ काही जणांना भीतीदायक वाटते, मला काढा म्हणतात, पण ती ठेवाच. पहिल्याच भेटीत "सगळं गुप्त राहील" असं सरसकट वचन दिलं आणि नंतर तुम्हाला कोणाला तरी फोन करावा लागला तर तो माणूस परत कधीच कोणावर विश्वास ठेवणार नाही. आणि सांबाराच्या कुंडीवरून मी पैज लावतो, त्या परिचयानंतरचा पहिला प्रश्न रोपाबद्दलच येईल.

हे लिहून झालं की मोठ्याने वाचा, स्वतः नाही, दुसऱ्याला वाचायला द्या, शक्यतो सातवी-आठवीतल्या पोराला. तो जिथं अडखळेल तिथं वाक्य तोडा. मग वर्गातल्या एखाद्या बाईला ऐकवा आणि तिला विचारा, काय कळलं? ती जे सांगेल तोच तुमचा खरा परिचय. माझा अनुभव असा की लोकांना घर आठवते, छंद आठवते, आणि पैसे किती लागतात ते विचारतात. म्हणून तेही लिहून टाका, वर्ग फुकट आहे का, समुपदेशनाची फी किती, कमी करता येते का. "भेटीत बोलू" लिहिलं की गरीब माणूस भेटीलाच येत नाही.

तीन साईज बनवून ठेवा. दारावरच्या बोर्डासाठी दोन ओळी, व्हॉट्सअ‍ॅपसाठी वरच्या नमुन्याएवढा, आणि संस्थेसाठी एक पान ज्यात सगळ्या पदव्या, योजना, वर्षं येऊ द्या. सूत्रसंचालकासाठी मात्र "त्या शिकवतात" असा दुसऱ्याने सांगितल्यासारखा वेगळा लिहून द्या आणि खाली स्पष्ट टाका की एवढंच वाचावं. तरी तो झरा आणेलच, पण निदान आधी तुमचं काम सांगून मग आणेल.

फोटो साधा लावा, वर्गातला असला तर उत्तम, पण शिकणाऱ्यांचे चेहरे त्यात नको, त्यांच्यातल्या काही जणींनी घरी सांगितलेलंच नसते की त्या शिकायला जातात. हार घातलेला, नेत्यासोबतचा, डिग्रीच्या काळ्या झग्यातला नको. फोनची वेळ लिहा, दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊपर्यंत असं काही, कारण कामाला जाणाऱ्या बाया मधल्या सुट्टीतच फोन करू शकतात. आणि नंबर बदलला की तिन्ही साईजमध्ये बदला, बोर्डावर तर आधी.